दोस्त गेला आणि अर्धी मेमरी घेऊन गेला

लहानपणापासूनचा दोस्त गेला की लोक म्हणतात अर्धा जीव गेला. मला वाटायचं ही आपली बोलायची पद्धत, पण सायकॉलॉजीत यावर चक्क रिसर्च झालंय, आणि जिवाचं माहीत नाही पण मेमरीच्या बाबतीत तरी ते बरंच खरं निघालंय.

माझा दोस्त हार्ट अटॅकनं गेला, चाळिशी पण गाठली नव्हती गड्यानं. बालवाडीपासून एकत्र होतो. दुःख वगैरे जे व्हायचं ते झालंच, त्यावर काय लिहायचं, पण काही दिवसांनी एक वेगळीच गोष्ट लक्षात यायला लागली ती म्हणजे मला आमच्याच लहानपणातलं काय काय आठवेना.

डॅनियल वेग्नर म्हणून एक अमेरिकन सायकॉलॉजिस्ट होता, 2013 मध्ये वारला. त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1985 मध्ये 'ट्रान्झॅक्टिव्ह मेमरी' अशी कल्पना मांडली. नाव जड आहे, भानगड सोपी आहे. बरीच वर्षं सोबत असलेली दोन माणसं सगळं दोघंही लक्षात ठेवत बसत नाहीत, कामं वाटून घेतात, आणि हे कुणी बसून ठरवलेलं नसतं. एकाकडं माणसं, दुसऱ्याकडं रस्ते आणि तारखा. आपल्याला फक्त एवढं माहीत असावं लागतं की अमुक गोष्ट त्याला विचारायची.

आमच्यात नावांचं खातं त्याच्याकडं होतं. लातुरात गंजगोलाईत शाळेतला कुणी भेटला की मी नुसता हसत हो हो करायचो, आणि हा कानाशी येऊन म्हणायचा, "अबे, खिडकीजवळ बसायचा की, सरांच्या लुनाची हवा सोडली होती ह्यानं." झालं, मग मला सगळं दिसायचं, सर, ती हिरवी लुना, लिंबाच्या झाडाखाली उभी केलेली पोरं आणि गुन्हेगार सोडून बाकी सगळ्यांना बसलेल्या छड्या. म्हणजे माल माझ्याच डोक्यात होता. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, त्यातली एक त्याच्याकडं होती.

वेग्नरनं 1991 मध्ये एक प्रयोग छापला, मला तो फार आवडतो. काही खऱ्या जोड्या म्हणजे प्रेमात असलेली मुलं-मुली घेतली, आणि काही अनोळखी लोकांच्या जोड्या लावल्या, आणि सगळ्यांना माहिती पाठ करायला दिली. मोकळं सोडलं तेव्हा खऱ्या जोड्या पुढं गेल्या. पण तू अमुक विषय लक्षात ठेव आणि तू तमुक, असं बाहेरून वाटून दिलं तर त्याच जोड्या अनोळखी लोकांपेक्षा मागं पडल्या. कारण त्यांची स्वतःची वाटणी आधीच झालेली होती ना, तिच्यावर ही दुसरी वाटणी बसेना. म्हणून आता नवीन मित्र करा म्हणणाऱ्यांना काय सांगावं कळत नाही.

पण दोस्ताचं दुसरं एक काम असतं, आणि माझ्या मते ते जास्त मोठं. तो आपल्याला खोटं पाडतो.

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं, किल्लारीचा भूकंप. आदल्या दिवशी गणपती बुडवलेले, लोक थकून झोपलेले, दगडमातीच्या भिंती आणि वर मातीची जड माळवदं, त्यात हजारो माणसं गेली. आमचं गाव तिथून लांब होतं म्हणून वाचलो, पण हादरा चांगलाच बसला. मला लख्ख आठवतं की आम्ही दोघं रिकाम्या मंडपात सतरंजीवर झोपलो होतो आणि वरची ट्यूबलाइट झोक्यासारखी हालत होती. हे मी कुठंही सांगायला लागलो की तो म्हणायचा, "गप बे, काहीबी सांगूलालास. तू मंडपात नव्हतासच. उजाडल्यावर चादर गुंडाळून आलास रडत." यावरून आम्ही लग्नाच्या पंगतीत सुद्धा भांडलोय.

आता अशा धक्क्याच्या आठवणी पक्क्या असतात असं सगळ्यांनाच वाटतं. उलरिक नाइसर नावाच्या सायकॉलॉजिस्टनं ते तपासून पाहिलं. 28 जानेवारी 1986 ला अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान फुटलं, दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यानं आपल्या विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी कुठं कळली, सोबत कोण होतं. अडीच वर्षांनी त्यातल्या 44 जणांना परत तेच विचारलं. साधारण पाव लोकांचं सगळंच चुकलं, आणि छातीठोकपणे चुकलं! त्यांचाच जुना कागद समोर धरला तरी मूळची आठवण परत आली नाही.

असं का होतं त्याचा एक धागा 2000 मध्ये सापडला. करीम नादेर, ग्लेन शेफ आणि जोसेफ लेदू यांनी उंदरांना आवाज आणि शॉक यांची सांगड शिकवली, ती पक्की झाल्यावर नुसता आवाज ऐकवून आठवण जागी केली, आणि लगेच मेंदूतल्या अमिग्डाला या भागात प्रोटीन बनणं थांबवणारं औषध सोडलं. नंतर उंदरांची ती भीती पार कमी झाली. आठवण जागी न करता औषध दिलं तर काही फरक नाही. म्हणजे काढलेली आठवण काही काळ कच्ची होते आणि परत नव्यानं मुरते, त्यात इकडचं तिकडं मिसळायला वाव असतो. माणसातल्या सगळ्याच आठवणींचं अस्संच होतं असं यावरून म्हणता येत नाही, पण माझ्या ट्यूबलाइटवरचा विश्वास डळमळीत व्हायला एवढं पुरेसं आहे. आधी मी ती काढली की हा लगेच चेक करायचा. आता मी सांगतो आणि लोक मान डोलावतात.

मागं त्याच्या घरी गेलो होतो तेव्हा काकूंना विचारलं. त्या भाकरी थापत होत्या, हात न थांबवता म्हणाल्या, "मंडपात कुठं, दोघं बी आमच्या ओसरीत झोपला होतात. मीच दंड धरून अंगणात वढलं तुम्हाला." मी म्हणलं काकू, तो तर म्हणायचा मी सकाळी आलो. "त्याला काय कळतंय," म्हणाल्या.