बालचित्रांची देशोदेशींची देवाणघेवाण: पार्श्वभूमी

आंतरराष्ट्रीय बालचित्रकला स्पर्धेचं पत्रक शाळेत आलं की नागपुरातही हमखास तेच चित्र निघतं: पृथ्वीचा गोल, भोवती हात धरलेली मुलं, वर पांढरं कबुतर. या स्पर्धांमागचा इतिहास मात्र वेगळंच सांगतो.

व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ मध्ये मुलांचे कलावर्ग सुरू केले. मोठ्यांची नक्कल करायची नाही, हा त्यांचा आग्रह. ऑस्ट्रिया आणि ब्रिटन ज्यात शत्रू होते ते पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं असताना, १९२० मध्ये, या वर्गांतली चित्रं लंडनमध्ये मांडली गेली आणि त्यातून सेव्ह द चिल्ड्रन फंडासाठी निधी जमला.

हिरोशिमाचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. १९४७ मध्ये वॉशिंग्टनच्या ऑल सोल्स चर्चमधल्या मुलांनी तिथल्या शाळांसाठी सुमारे अर्धा टन पेन्सिली, रंगखडू आणि कागद पाठवले. उत्तरादाखल होनकावा प्राथमिक शाळेतून चित्रं गेली. ही शाळा अणुस्फोटाच्या केंद्रापासून जेमतेम चारशे मीटरवर. तरी चित्रांत भग्न भिंती नव्हत्या. चेरीची फुललेली झाडं होती, खेळणारी मुलं होती. अमेरिकी मुलांना जपान कळलं ते या रोजच्या गोष्टींतून.

१९४९ मध्ये व्यंगचित्रकार शंकर पिल्लई यांनी दिल्लीत आपल्या ‘शंकर्स वीकली’ या साप्ताहिकातर्फे मुलांची चित्रस्पर्धा सुरू केली, लवकरच ती जगभरच्या मुलांना खुली झाली. नाझींनी १९४२ मध्ये बेचिराख केलेल्या चेक प्रजासत्ताकातल्या लिदित्से गावातल्या बालबळींच्या स्मृतीसाठी १९६७ पासून बालचित्रांचं प्रदर्शन भरतं. १९७३ पासून ते आंतरराष्ट्रीय आहे.

आपल्याकडे विषयांची वानवा नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा (मुलांचा लाकडी बैलांचा पोळा) आणि मारबत (नागपुरातली मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक) एकदमच येतात. ‘मारबत काढ’ एवढंच सांगितलं तर मूल अडतं. मिरवणूक तू कुठून पाहिलीस, पुढे कोण उभं होतं, तुझ्या लाकडी बैलाला चाकं कसली, गळ्यात काय बांधलं होतं, असं विचारावं. चित्र आपोआप सुटतं. ते दुसऱ्या देशातल्या मुलाला नवं वाटतं. कबुतर त्याच्याकडेही असतंच.

सर्वांत मोठं नुकसान शिक्षक-पालकांच्या ‘फिनिशिंग’मुळे होतं. आठ वर्षांच्या मुलाच्या रेषेवर मोठ्या माणसाने काळ्या स्केचपेनची बाह्यरेषा ओढली की परीक्षकांना ते लगेच दिसतं.

पाठवतानाही चुका होतात. पोस्टर कलर जाड लावून कागदाची गुंडाळी केली तर रंगाला तडे जातात. ऑइल पेस्टल नागपूरच्या मे महिन्यात मऊ पडतं आणि वरच्या कागदाला चिकटतं. म्हणून प्रत्येक चित्रावर बटर पेपर घालावा आणि गठ्ठा दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट बांधावा. नाव, वय, शाळा आणि चित्राचं शीर्षक मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीनेच लिहावं. बॉलपेन दाबून लिहिलं की त्याचे वळ पुढे उमटतात.