पिंपाला वळसा घालताना घोडा नक्की कशावर वळतो?

खो-खो खेळलेल्या कुणालाही विचारा, सरळ पळताना गडी पकडणं एकवेळ सोपं पण खांबाला वळसा घालणं ही खरी कसोटी. जो खांब येण्याच्या दोन पावलं आधीच कंबर खाली घेतो, वेग जरासा आवरतो आणि हाताने खांब धरून गर्रकन फिरतो तोच पुढे पोचतो, बाकीचे भेलकांडत लांब जातात. टेक्सासमध्ये राहायला आल्यावर पहिल्यांदा बॅरल रेसिंग बघितलं तेव्हा मला थेट शाळेचं मैदान आठवलं. फरक एवढाच की इथे फिरणारं अंग ४५०-५०० किलोचं असतं आणि त्याला धरायला खांब नसतो.

खेळ तसा साधा आहे. रिंगणात त्रिकोणात तीन पिंपं उभी करतात, आपल्याकडे पाणी साठवायला वापरतात तशी मोठी, आणि घोडेस्वाराने भरधाव येऊन प्रत्येक पिंपाला वळसा घालून परत भरधाव बाहेर पडायचं. स्टँडर्ड आखणीत पहिल्या दोन पिंपांमध्ये ९० फूट अंतर, तिसरं त्या दोघांपासून १०५ फुटांवर. पिंप पडलं तर ५ सेकंदांचा दंड, म्हणजे संपलंच सगळं, कारण निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागात लागतो. व्यावसायिक रोडिओत, म्हणजे अमेरिकेतल्या गुराख्यांच्या कौशल्याच्या स्पर्धांत, हा मुख्यतः बायकांचा खेळ, १९४८ साली टेक्सासमधल्याच सॅन अँजेलोत महिलांनी स्वतःची रोडिओ संघटना काढली तिथून तो वाढला.

आता वळणाचं गणित बघू. कुठलीही वस्तू वळते ती आतल्या बाजूला बल मिळतं म्हणून, आणि हे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. घोडा, स्वार आणि खोगीर मिळून ६०० किलो धरा, वळणाची त्रिज्या ३ मीटर धरा. ताशी १६ किलोमीटरने वळला तर खुरांना आडवं साधारण ४०० किलो वजनाएवढं बल जमिनीकडून मिळवावं लागतं. वेग फक्त २० केला, चारच किलोमीटर वाढवले, की तेच ६३० किलोच्या आसपास जातं, आणि घोड्याला आतल्या बाजूला जवळजवळ ४५ अंश कलावं लागतं. वारीत गोल रिंगणात माउलींचा अश्व धावतो तो बघा, भरधाव असूनही फारसा कलत नाही कारण वर्तुळ मोठं असतं. पिंपाभोवती ती चैन नाही.

मग वर्तुळ मोठंच घ्यावं ना, असं वाटेल, पण नाही. त्रिज्या १ मीटरने वाढली तर पाऊण फेरीत ४.७ मीटर जास्त पळावं लागतं. आणि जमिनीची पकड तेवढीच असेल तर त्रिज्या चौपट केल्यावर वेग फक्त दुप्पट करता येतो, म्हणजे वळायला वेळ दुप्पट लागतो. थोडक्यात छोटं आणि सावकाश वळण मोठ्या आणि वेगवान वळणापेक्षा लवकर संपतं. पण त्यासाठी आधी ब्रेक लागतो आणि नंतर परत वेग घ्यावा लागतो, खरी मेख तिथे आहे.

म्हणून जाणकार लोक पिंपाच्या थोडं आधी 'रेट' करायला शिकवतात, म्हणजे स्वार खोगिरात खोल बसतो, पाठ सैल सोडतो आणि घोडा ते ओळखून मागचे पाय पोटाखाली घेतो. हे मागचे पाय फार महत्त्वाचे. उभ्या घोड्याचं जवळपास ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, ते तसंच ठेवून वळला तर आतला खांदा खाली पडतो आणि पिंपच उडतं. मागचे पाय पोटाखाली आले की पुढचा भाग हलका होऊन वळायला मोकळा होतो. पिंपाशी शिरताना जरा जागा सोडायची, तिला 'पॉकेट' म्हणतात, आणि बाहेर पडताना पिंपाला चिकटून निघायचं. उलटं केलं, म्हणजे चिकटून शिरलात, की बाहेर पडताना घोडा लांब फेकला जाणारच.

दुसरी गोष्ट लीडची. चौखूर धावताना घोड्याचा पुढचा एक पाय सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात पुढे पडतो, तो वळणाच्या आतल्या बाजूचा असला तर तोल नीट राहतो. बहुतेक जण पहिलं पिंप उजवीकडून घेतात आणि पुढची दोन डावीकडून, त्यामुळे पहिल्या आणि दुसऱ्या पिंपाच्या मध्ये पळता पळताच पाय बदलावा लागतो. चुकीच्या पायावर आलेला घोडा दुसऱ्या पिंपाशी कसा अडखळतो ते एकदा बघितलं की पुढच्या वेळी आपण आपोआप पायांकडेच बघायला लागतो.

आणि लगाम ओढून घोडा वळत नाही हो. नुसती मान वळते, आणि खांदा सरळ जात राहतो. घोड्याच्या कमरेचा कणा बाजूला फारच थोडा वाकतो, त्याला गळपट्टीचं हाडही नसतं, पुढचे पाय धडाला फक्त स्नायूंनी बांधलेले असतात. म्हणजे वळण या स्नायूंतून आणि सवयीतून येतं. आमच्या गावाबाहेरच्या छोट्या रिंगणात एक म्हातारे गृहस्थ नातीला शिकवतात, तासभर नुसतं चालत आणि दुडक्या चालीत पिंपाभोवती फिरवतात, दोन्ही बाजूंनी सारखं, कारण माणसासारखीच घोड्यालाही एक बाजू सोपी असते. मधेच ते वाकून माती मुठीत घेऊन बघतात. फार कोरडी असली की खूर घसरतो, फार घट्ट असली की खूर रुतत नाही आणि सगळा झटका पायांच्या सांध्यांना आणि स्नायुबंधांना बसतो. मला हे त्यांचं वाकून बघणं फार आवडतं, कारण ते ६३० किलोचं बल शेवटी त्याच मातीतून येणार असतं.

१९८५ च्या डिसेंबरात लास व्हेगसला नॅशनल फायनल्स रोडिओत, म्हणजे वर्षअखेरच्या अंतिम स्पर्धेत, शार्मेन जेम्स ही अवघ्या १५ वर्षांची मुलगी स्कॅम्पर नावाच्या घोड्यावर धावत होती आणि ऐन धावेत त्याचा लगाम डोक्यावरून निसटला. ओढून वळवायची सोयच उरली नाही. स्कॅम्पर तिन्ही पिंपांना वळसा घालून आला, एकही पाडलं नाही, आणि ती फेरी त्यांनीच जिंकली.