स्थलांतरितांचे चित्रपटांतील चित्रण : नैतिक बाजू

पोटापाण्यासाठी गाव सोडून आलेल्या समाजांना पडद्यावर दाखवताना पटकथा, पात्रनिवड, भाषा आणि प्रत्यक्ष चित्रीकरण यांत पाळावयाची पथ्ये.

नवी मुंबईत परका कोण, इथूनच पेच सुरू होतो. १९७० मध्ये नवे शहर वसवण्यासाठी सिडको ही सरकारी संस्था स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनींवर शहर उभे राहिले. मूळचे आगरी-कोळी, वाशीच्या बाजार समितीत ओझी वाहणारे अनेक माथाडी साताऱ्याकडचे. पडद्यावर मात्र स्थलांतरित म्हणजे उत्तरेकडचा ‘भैया’. (हिंदी चित्रपटांनी मराठी माणसालाही मोलकरीण आणि हवालदार यांतच बसवले, हे इथे आठवावे.)

भाषेत घोळ सर्वाधिक होतो. दरभंग्याचा माणूस मैथिली बोलतो, प्रतापगढचा अवधी, आझमगढचा भोजपुरी. डबिंगमध्ये तिघांच्या तोंडी एकच ओढूनताणून आणलेली बोली येते. बोलीचा जाणकार लेखनाच्या वेळीच हवा. डबिंगला बोलावला, तर ओठांच्या हालचालीत बसेल तेवढेच तो सुधारू शकतो. पात्रनिवडीचा वादही जुनाच आहे : ‘मेरी कोम’मध्ये (२०१४) मणिपुरी बॉक्सरची भूमिका प्रियांका चोप्राला दिल्याबद्दल टीका झाली होती.

बाजारातले चित्रीकरण ही वेगळी परीक्षा. भुसा भरलेली गोणी पाठीवर घेतलेला ज्युनिअर आर्टिस्ट ताठ चालतो. पन्नास किलोंखाली मान पुढे येते, गुडघे वाकतात, पावले आखूड पडतात. म्हणून माथाडींच्या खऱ्या टोळीलाच कॅमेऱ्यापुढे उभे करण्याचा मोह होतो. तेव्हा मुकादमाचा होकार पुरेसा धरू नये. संमतीपत्र ज्याच्या-त्याच्या भाषेत वाचून दाखवावे, नको म्हणणाऱ्याला चौकटीबाहेर जाऊ द्यावे. टोळीची कमाई उचललेल्या मालावर असते, त्यामुळे काम थांबले की मजुरी बुडते; ती भरपाई मानधनाव्यतिरिक्त द्यावी. वस्तीत चित्रीकरण करताना घरक्रमांक आणि मुलांचे चेहरे टाळावेत.

चित्रपट प्रमाणन मंडळाचे (सेन्सॉरचे) प्रमाणपत्र मिळाले म्हणजे प्रश्न मिटला, असे नाही. चित्रपट अधिनियम, १९५२ खालील १९९१ ची मार्गदर्शक तत्त्वे वांशिक, धार्मिक वा अन्य समूहांची हेटाळणी करणारी दृश्ये व शब्द वर्ज्य मानतात. शिवी त्यात सापडते. दर चित्रपटात चोर एकाच प्रांताचा असणे सापडत नाही, कारण मंडळ एका वेळी एकच चित्रपट तपासते.

कच्चे संकलन संबंधित समाजातल्या प्रेक्षकांना डबिंगपूर्वी दाखवावे. त्या टप्प्यावर खलपात्राचे आडनाव किंवा एखादा संवाद थोडक्या खर्चात बदलता येतो.