इलेक्ट्रिक बस आणि ‘भाडेतत्त्व’: मुंबईतल्या बदलाची पार्श्वभूमी

मुंबईत ‘बेस्ट’ या महापालिकेच्या उपक्रमासाठी आज धावणाऱ्या जवळपास सगळ्या इलेक्ट्रिक बस भाडेतत्त्वावरच्या, म्हणजे खासगी ठेकेदाराच्या मालकीच्या आहेत. त्यामुळे बोलताना लोक एक शब्द दुसऱ्याच्या जागी सहज वापरतात. बस इलेक्ट्रिक झाली म्हणजे खासगी झाली, असे थांब्यावर सर्रास ऐकू येते. प्रत्यक्षात हे दोन निर्णय वेगवेगळे होते. एक धुराबद्दलचा, दुसरा मालकीबद्दलचा. २०१९ या एका वर्षात ते एकमेकांना बांधले गेले आणि आजचे बहुतेक वाद त्या गाठीशी येऊन थांबतात.

विजेवरची वाहतूक या शहराला नवी नाही. १८७४ साली सुरू झालेली घोड्यांची ट्राम १९०७ मध्ये विजेवर आली. १९२६ मध्ये मोटारबस धावली आणि १९४७ मध्ये वीजपुरवठा व वाहतूक हे दोन्ही व्यवसाय महापालिकेच्या ताब्यात आले. १९६२ मध्ये तारांखालून धावणारी ट्रॉलीबस आली, ती १९७१ पर्यंत टिकली. ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम गेली. पुढची पाचेक दशके आधी डिझेलची आणि नंतर सीएनजीची.

या साऱ्या काळातली एक गोष्ट आजच्या प्रश्नासाठी महत्त्वाची आहे. वीज आणि बस एकाच उपक्रमाच्या छपराखाली होत्या आणि विजेच्या नफ्यातून बसची तूट भरून निघत असे. २००३ च्या वीज कायद्यानंतर वीजग्राहकाने बसचा तोटा का सोसावा, हा प्रश्न नियामकापुढे आणि न्यायालयात गेला आणि अखेर ती वाट बंद झाली. बस पुन्हा विजेवर येऊ लागली तेव्हा विजेच्या पैशाचा आधार सुटलेला होता. उपक्रम कर्जात होता, जुन्या बस भंगारात निघत होत्या आणि नव्यांसाठी तिजोरीत पैसा नव्हता.

अशा स्थितीत नोव्हेंबर २०१७ मध्ये पहिल्या काही इलेक्ट्रिक बस आल्या. त्या विकत घेतलेल्या होत्या, भाड्याच्या नव्हत्या, हे आता फारसे कोणाला आठवत नाही. त्याच सुमाराला हिमाचलमध्ये मनाली–रोहतांग मार्गावर तिथल्या राज्य परिवहनाने स्वतःच्या इलेक्ट्रिक बस चालवल्या आणि कोलकात्यानेही केंद्राच्या ‘फेम’ या इलेक्ट्रिक वाहनांना अनुदान देणाऱ्या योजनेच्या पहिल्या टप्प्यातून बस सरळ विकत घेतल्या. म्हणजे इलेक्ट्रिक बस सार्वजनिक मालकीची असू शकते, हे तेव्हाच दिसले होते.

चित्र पालटले ते एप्रिल २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘फेम’च्या दुसऱ्या टप्प्याने. १०,००० कोटी रुपयांच्या या योजनेत ७,०९० इलेक्ट्रिक बसचे उद्दिष्ट होते. मात्र बससाठीचे अनुदान एका अटीवर मिळणार होते. बस विकत घ्यायची नाही, ठेकेदाराकडून चालवून घ्यायची आणि त्याला किलोमीटरमागे पैसे द्यायचे. अटीमागचा विचार समजण्याजोगा होता. इलेक्ट्रिक बसची किंमत डिझेल बसच्या दुपटीहून अधिक, बॅटरी किती वर्षे टिकेल याचा अनुभव कोणाकडेच नाही. तेव्हा ही जोखीम तोट्यातल्या शहरी उपक्रमांवर टाकू नये, असे धोरण ठरवणाऱ्यांना वाटले. पण त्यामुळे स्वतःची बस घेऊ इच्छिणाऱ्या शहराचा मार्ग महागला. ज्याला अनुदान हवे, त्याने मालकी सोडावी, असा तो सौदा होता.

मुंबईत नेमके त्याच वर्षी मालकीचा वाद पेटलेला होता. जानेवारी २०१९ मध्ये कामगारांचा नऊ दिवसांचा संप झाला. जूनमध्ये कामगार संघटना आणि प्रशासन यांच्यात सामंजस्य करार झाला आणि भाडेतत्त्वावरील बसचा रस्ता मोकळा झाला. करारात एक आकडा होता: ३,३३७. उपक्रम स्वतःच्या मालकीच्या इतक्या बस कायम राखेल आणि भाड्याच्या बस त्याशिवाय असतील, असे ठरले होते. जुलैमध्ये किमान भाडे ५ रुपयांवर आणले गेले आणि प्रवासी बसकडे परतले.

इथे ‘भाडेतत्त्व’ या शब्दापाशी थांबायला हवे, कारण गोंधळाचे मूळ तोच आहे. भाड्याने घर घेतले की घर आपल्या ताब्यात येते, भाड्याने सायकल घेतली की पायडल आपण मारतो. इथे तसे नाही. इंग्रजी करारांत याला ‘वेट लीज’ म्हणतात. हा शब्द विमान व्यवसायातून आला. विमान कर्मचाऱ्यांसकट घेतले तर वेट लीज, नुसते विमान घेतले तर ड्राय लीज. मुंबईच्या करारांत बस ठेकेदाराची, चालक ठेकेदाराचा, देखभाल ठेकेदाराची. मार्ग, वेळापत्रक आणि तिकीटदर उपक्रमाने ठरवायचे, तिकिटाचा पैसाही उपक्रमाचा. उपक्रम भाडे देतो ते बसचे नव्हे. तो धावलेले किलोमीटर विकत घेतो. ठरावीक किलोमीटरची हमीही अशा करारांत असते.

या पद्धतीची जमेची बाजू खरी आहे. तिकिटाचा पैसा ठेकेदाराचा नसल्याने प्रवासी पळवण्यासाठी बस एकमेकींशी शर्यत लावत नाहीत. दिल्लीत एकेकाळी खासगी बसनी ते करून अनेकांचे जीव घेतले. शिवाय तिकीटदर शहराच्या हातात राहतो. ५ रुपयांचे भाडे ठेकेदाराला न विचारता लागू करता आले ते यामुळेच. पण खर्चाची बाजू उलटी फिरते. बस रिकामी गेली तरी किलोमीटरचे पैसे द्यावेच लागतात आणि उपक्रमाकडे पैसे नसले की ठेकेदाराची बिले थकतात. मग ठेकेदार चालकाचा पगार थकवतो, चालक काम थांबवतो आणि थांब्यावरचा प्रवासी ताटकळतो. ऑगस्ट २०२३ मध्ये ठेकेदारांच्या चालकांनी कायम चालकांइतक्या वेतनासाठी आठवडाभर काम बंद ठेवले, तेव्हा शहराने ही साखळी जवळून पाहिली. बसचा रंग लाल, मार्गाचा क्रमांक तोच, पण एकाच स्टिअरिंगमागे बसणाऱ्या दोन माणसांच्या पगारात मोठी तफावत. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत दुखरी बाब हीच आहे आणि सरकारी सादरीकरणांत ती कुठेच नसते.

नंतरच्या घडामोडी वेगाने आल्या. २०२२ मध्ये २,१०० एकमजली इलेक्ट्रिक बसच्या कंत्राटावरून खटला झाला. एका चार्जिंगमध्ये २०० किलोमीटर धावण्याची निविदेतली अट नेमकी कशी मोजायची, यावर तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे २०२३ मध्ये उपक्रमाचा निर्णय कायम राहिला. त्या खटल्यात बॅटरीची बरीच चर्चा झाली. बस मालकीच्या असाव्यात का, हा प्रश्न तिथे नव्हताच. फेब्रुवारी २०२३ मध्ये वातानुकूलित इलेक्ट्रिक दुमजली बस आली, सप्टेंबरमध्ये जुन्या डिझेल दुमजलीने निरोप घेतला. नव्या बसही किलोमीटरच्या करारावरच्या होत्या. डिसेंबर २०२४ मध्ये कुर्ल्यात भाडेतत्त्वावरील इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसून माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर लहान बस चालवणाऱ्याला १२ मीटरची स्वयंचलित इलेक्ट्रिक बस देण्याआधी किती दिवस शिकवले जाते आणि ती जबाबदारी कोणाची, हा प्रश्न पहिल्यांदा मोठ्याने विचारला गेला. मे २०२५ मध्ये किमान भाडे ५ वरून १० रुपये झाले.

दरम्यान केंद्राने दिशा बदलली नाही. ऑगस्ट २०२३ च्या योजनेत १०,००० बस याच पद्धतीने शहरांना देण्याचे ठरले. सप्टेंबर २०२४ मध्ये बिले थकण्याच्या आजारावर उपाय म्हणून ३,४३५ कोटींची सुरक्षा यंत्रणा मंजूर झाली. शहराने पैसे बुडवले तर या निधीतून ठेकेदाराला मिळतील आणि नंतर ते वसूल केले जातील. ठेकेदाराच्या चालकाच्या पगाराला अशी हमी नाही.

स्वतःच्या मालकीच्या बस मात्र वयोमर्यादा संपेल तशा मोडीत निघत राहिल्या. २०२४ अखेरीस त्या हजाराच्या घरात आल्या होत्या, म्हणजे करारातल्या ३,३३७ च्या तिसऱ्या हिश्श्याइतक्या. कायम चालक आगारात आहेत, त्यांच्या हाती द्यायला बस कमी आहेत.