आधी हिराकस, मग चुना

“चुनो मारून ठेवलो हा, आता काय एक होवचा नाय,” शेडच्या राखणदाराने मला ठामपणे सांगितलं. कोकणातल्या एका औद्योगिक वसाहतीच्या कडेला कित्येक वर्षं बंद पडलेला निकेल-क्रोमच्या प्लेटिंगचा, म्हणजे वस्तूंवर त्यांचा मुलामा चढवण्याचा, कारखाना. पत्रे गंजलेले, टाक्या भंगारात गेलेल्या. क्रोमची टाकी जिथे होती तिथल्या कोब्यावर पिवळे-नारिंगी ओघळ आणि त्यांच्यावर चुन्याची पांढरी फक्की. उताराच्या पायथ्याशी एक झरा आहे. त्याचं पाणी पांढऱ्या कपात घेतलं, तर दिसायला नितळ. त्यात थोडं आम्ल आणि डायफिनाइल कार्बाझाइडचे चार थेंब टाकले. मिनिटाभरात कपात कोकमाचं आगळ ओतल्यासारखा रंग उतरला. पाण्यात सहा संयुजा असलेलं क्रोमियम आहे, याची ही खूण.

राखणदाराचा हेतू चांगला होता, पण त्याच्या चुन्याने काम बिघडवलं असण्याचीच शक्यता जास्त. ते का, हे सांगण्यासाठी हा लेख.

क्रोमियम दोन रूपांत भेटतं: तीन संयुजेचं आणि सहा संयुजेचं. आपण त्यांना ‘तीनवालं’ आणि ‘सहावालं’ म्हणू. कणकवलीजवळ जानवली-वागदे भागात क्रोमाइटचे साठे आहेत, हे शाळेच्या भूगोलात वाचलेलं आठवत असेल. त्या दगडातलं क्रोमियम तीनवालं. पाण्यात जवळपास विरघळत नाही, युगानुयुगं जागचं हलत नाही. प्लेटिंगवाल्याला मात्र सहावालं लागतं. क्रोमच्या टाकीत साधारणपणे एका लिटरमागे २५० ग्रॅम क्रोमिक आम्ल आणि त्याचा शंभरावा हिस्सा गंधकाम्ल असतं. एवढा खटाटोप कशासाठी, तर स्कूटरच्या बंपरवर किंवा नळाच्या तोटीवर अर्ध्या मायक्रॉनची चकाकी चढवण्यासाठी. वस्तू टाकीतून काढून धुवायला नेताना जे ठिबकतं ते कोब्यावर पडतं. कोब्याला तडा असला की थेट जमिनीत.

आता जरा हिशेब करू. २५० ग्रॅम क्रोमिक आम्लात निव्वळ क्रोमियम भरतं १३० ग्रॅम. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात क्रोमियमची मर्यादा आहे लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम. म्हणजे टाकीतलं एक लिटर पाणी २६ लाख लिटर स्वच्छ पाण्याला मर्यादेपर्यंत नेऊन सोडतं. चार मीटर व्यासाच्या विहिरीत पाच मीटर पाणी असेल, तर अशा चाळीसेक विहिरी! आणि पाणी डोळ्यांना पिवळं दिसू लागेपर्यंत ही मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडलेली असते.

सहावालं इतकं वाईट का? पाण्यात ते क्रोमेट म्हणून वावरतं, आणि क्रोमेटचा आकार हुबेहूब सल्फेटसारखा. पेशीला सल्फेट हवं असतं, त्यासाठी तिच्या भिंतीत खास दारं असतात. भिक्षेकऱ्याच्या वेशात आलेल्या रावणासाठी जशी रेषा ओलांडली गेली, तसं क्रोमेटसाठी ते दार उघडतं. आत क जीवनसत्त्व आणि ग्लुटाथायोन (पेशीतलंच एक रक्षक द्रव्य) त्याला इलेक्ट्रॉन देऊन तीनवालं करून टाकतात. गंमत अशी की बाहेर निरुपद्रवी असलेलं तीनवालं पेशीच्या आत घडलं की तिथेच अडकतं आणि डीएनएला चिकटतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सहावाल्याला पहिल्या गटात, म्हणजे निश्चित कर्करोगकारकांत, टाकलं आहे.

मग सफाई म्हणजे काय? क्रोमियम हे मूलद्रव्य. ते जळत नाही, कुजत नाही. वर ओतलेली घाण, तडकलेला कोबा आणि त्याखालची माती खणून तळोज्यासारख्या घातक कचऱ्याच्या शास्त्रीय भरावात न्यावी लागते, आणि ते आधी करायचं. पण खाली झिरपलेल्याला गाठायचा उपाय एकच: पेशीच्या आत जे घडतं ते बाहेरच, जमिनीतच घडवायचं. सहावाल्याच्या प्रत्येक अणूला तीन इलेक्ट्रॉन द्यायचे.

ते देणारा पदार्थ आपल्या आजीच्या ओळखीचा आहे: हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. त्यातला लोहाचा अणू एक इलेक्ट्रॉन देतो, म्हणून क्रोमियमच्या एका अणूला लोहाचे तीन लागतात. वजनात मांडलं तर एक ग्रॅम क्रोमियमला सोळा ग्रॅम हिराकस. प्रत्यक्षात जास्तच घालावं लागतं, कारण पाण्यातला ऑक्सिजनही हात पुढे करून उभा असतो. यातून लोह आणि क्रोमियमचं संयुक्त हायड्रॉक्साइड तयार होतं. पाणी उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी असेल, तर ते साक्यासारखं खाली बसतं आणि विरघळत नाही. इथे चुना उपयोगी पडतो, पण दुसऱ्या पायरीवर.

पहिल्या पायरीवर तो घात करतो. आपला जांभा लाल आहे तो लोहाच्या ऑक्साइडमुळे. आपल्या पावसाने धुतलेली ही जमीन आम्लधर्मी असते. आम्लात त्या ऑक्साइडच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचे आयन बसतात, त्याला धन प्रभार येतो आणि ऋण प्रभाराचं क्रोमेट त्याला चिकटून राहतं. म्हणजे जांभा स्वतःहून थोडंफार विष धरून ठेवतो. चुन्याने सामू (पीएच) वाढला की ते हायड्रोजन निघून जातात, पृष्ठभागाचा प्रभार ऋणाकडे झुकतो आणि धरलेलं क्रोमेट सुटतं. पहिल्या पावसात ते थेट झऱ्याला.

हिराकशीऐवजी साधा लोखंडाचा भुगाही चालतो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या एलिझाबेथ सिटीला तटरक्षक दलाच्या तळावर तीस वर्षांहून अधिक चाललेलं क्रोम प्लेटिंगचं शॉप १९८४मध्ये बंद झालं. विषारी पाणी नदीकडे सरकत होतं. १९९६च्या जूनमध्ये त्याच्या वाटेत ४६ मीटर लांब, सात मीटरहून थोडा खोल आणि जेमतेम ०.६ मीटर रुंद चर खणून त्यात लोखंडाचा भुगा भरला. पंप नाही, वीज नाही. पाणी आपल्या गतीने भुग्यातून जातं आणि क्रोमियम तिथेच बसतं. पंधरा वर्षांनंतरच्या तपासणीतही चर काम करत होता.

तसाच चर इथे खणावा, असं मी म्हणणार नाही. तिथली जमीन वाळूची, आपल्याकडे जांभा. चिरे कापायचं यंत्र तो कापेलही, पण जांभ्याच्या पोटात बिळांसारख्या पोकळ्या असतात. पावसाळ्यात पाणी त्यांतून धावतं आणि चराला वळसा घालून जाऊ शकतं. मात्र जांभ्याखाली शेडीचा चिकण थर असतो. पाणी त्यात सहज शिरत नाही, म्हणून दोन्हींच्या सांध्यावर झरे फुटतात. माझ्या मते गाठायची जागा तीच. झऱ्याच्या तोंडाशी भुग्याचा खड्डा.

गावात कोणी म्हणालं, देवाला गाऱ्हाणं घालू. खुशाल घाला, पण क्रोमेटला इलेक्ट्रॉनच लागतात. तुरटी फिरवून ते जात नाही, तांब्याच्या कळशीने जात नाही, आणि पाणी उकळलं तर उलट दाट होतं. ‘सर्व विषारी धातू खाऊन टाकणारी’ जिवाणू पावडर विकणाऱ्यांना एक प्रश्न विचारा: खाल्लेला धातू पुढे जातो कुठे? जिवाणू क्रोमियमचं रूप बदलू शकतात, हे खरं. त्यासाठी जमिनीत उसाची मळी सोडतात, ती खाताना ते इलेक्ट्रॉन देतात. पण तेही धातू नाहीसा करत नाहीत.

दूषित जागांसाठी केंद्राने २०२५च्या जुलैमध्ये नवे नियम काढले. त्यानुसार अशा संशयित जागांची यादी जिल्हा प्रशासनाने द्यायची आहे. यादीत आमची शेड येईल तेव्हा येईल. तपासणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. जांभ्यात मँगनीजचे ऑक्साइडही असतात, आणि ते तीनवाल्याकडून इलेक्ट्रॉन परत काढून घेऊन त्याला पुन्हा सहावालं करू शकतात. त्यामुळे एकदा पाणी स्वच्छ आलं म्हणून फाइल मिटवता येत नाही. मे महिन्यात झरा आटत आलेला असताना, जूनच्या पहिल्या सरींनंतर आणि दिवाळीच्या सुमारास असे तीन नमुने दरवर्षी घ्यावे लागतील. राखणदाराला मी डायफिनाइल कार्बाझाइडची छोटी बाटली देऊन आलो आहे. आगळाचा रंग ओळखायला त्याला शिकवावं लागलं नाही.