काँगला येण्याआधी: क्रूस कुठे आहे आणि कालव्यात पाणी का नाही

प्रसिद्ध 'काँगचा क्रूस' आयर्लंडमधल्या काँग गावात नाही. तो डब्लिनला, किल्डेअर स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आमच्या काँग फेरीची नोंदणी झाली की पहिला फोन बहुधा याबद्दलच येतो, म्हणून हे पत्रक.

गावात रस्त्यावर उभा असलेला दगडी क्रूस बाजाराचा आहे. त्याच्या तळाशी ओ'डफी घराण्यातल्या दोन मठाधिपतींची नावे कोरली आहेत. तोच खरा समजून लोक फोटो काढतात आणि पुढे निघतात. मूळ क्रूस राजा टर्लॉ ओ'कॉनर याने 1123 च्या सुमारास करवून घेतला: आत ओकचे लाकूड, वर काशाचे पत्रे, सोन्याच्या तारेची नक्षी, मधोमध स्फटिक. उंची सुमारे 76 सेंमी. 1839 मध्ये प्राध्यापक जेम्स मॅककुला यांनी तो विकत घेऊन रॉयल आयरिश अकादमीला दिला, म्हणून तो देशात राहिला.

डब्लिनहून येणार असाल तर क्रूस आधी बघा. प्रवेश मोफत आहे, पण रविवारी सकाळी संग्रहालय बंद असते. "परत येताना बघू" म्हणणाऱ्यांचा क्रूस हमखास हुकतो, कारण काँगहून डब्लिन गाडीने जवळजवळ तीन तासांवर आहे आणि संग्रहालय पाचला बंद होते. ती नक्षी डोळ्यांत ठेवून काँगच्या जुन्या मठाच्या दारांवरची कोरीव पाने पाहिली की दोन्हींची मजा वाढते.

फेरी अ‍ॅशफर्ड किल्ल्यापासून का नाही, असेही विचारतात. किल्ल्याची सुरुवात 1228 ची, पण 1939 पासून ते हॉटेल आहे आणि आतला भाग तिथे उतरणाऱ्यांसाठी असतो. मठ मात्र सगळ्यांना खुला आहे आणि काँगचे खरे मोल तिथेच आहे, म्हणून आम्ही तिथूनच निघतो. आयर्लंडचा शेवटचा सार्वभौम राजा रॉरी ओ'कॉनर याने अखेरची वर्षे इथे काढली आणि 1198 मध्ये इथेच देह ठेवला. त्याची कबर इथे शोधू नका, ती क्लॉनमॅकनॉइझच्या मठात आहे. ओवऱ्यांच्या कमानींपैकी बराच भाग 19व्या शतकात, गिनेस घराण्याच्या खर्चाने, नव्याने घडवलेला आहे. जुना आणि नवा दगड कसा ओळखायचा ते आम्ही हात लावून नव्हे, बोट दाखवून सांगतो. आवारात कबरी आहेत, त्यांवर बसू नये.

मठामागे नदीत भिक्षूंचे मासेमारीघर आहे. जमिनीला भोक, त्यातून जाळे खाली, शेजारी शेकोटी. मासा लागला की दोरीने मठाच्या स्वयंपाकघरातली घंटा वाजे, असे सांगतात.

आता कालवा. "पाणी कधी सोडतात?" याचे उत्तर: सोडतच नाहीत. लॉख मास्क आणि लॉख कॉरिब ही सरोवरे जोडायला 1848 मध्ये, दुष्काळाच्या काळात, लोकांना मजुरी मिळावी म्हणून काम सुरू झाले आणि 1854 मध्ये थांबले. खालचा चुनखडक सच्छिद्र आणि भेगाळ आहे. मास्कचे पाणी जमिनीखालूनच वाहत येऊन काँगला वर येते, तर वर खणलेल्या कालव्यात ते ठरणार कसे? हिवाळ्यात भूजल चढले की कधी कधी थोडे साचते. तासलेल्या दगडांचे कोरडे लॉक (बोटी वर-खाली नेण्यासाठीचे दारांचे कप्पे) आजही जसेच्या तसे आहेत. आम्ही तिथे बराच वेळ थांबतो. घाई असेल तर ही फेरी घेऊ नका.

काँगजवळच्या पिजन होल गुहेच्या पायऱ्या ओल्या असतात, पावसात आम्ही खाली नेत नाही आणि त्याबद्दल पैसे कापून देत नाही. तळवा घसरणार नाही असे बूट घाला, पांढरे स्नीकर्स नकोत.

संग्रहालयातली तासाभराची मराठी फेरीही आमच्याकडे आहे. काँगबरोबर घेतली तर एकत्र नोंदवा, म्हणजे क्रूस आधी आणि मठ नंतर अशा तारखा आम्हीच जुळवून देतो.