थ्री-वे एक्स्टेंशन जोडताना हवा कुठे राहते?

थ्री-वे एक्स्टेंशन म्हणजे सलाईनची नळी आणि शिरेत बसवलेली बारीक नळी (कॅन्युला) यांच्यामध्ये जोडायची छोटी नळी; तिच्यावर तीन तोंडांची तोटी (थ्री-वे) असते आणि तिच्या बाजूच्या तोंडातून औषध देता येते. या नळ्या आम्ही पुरवतो, आणि आमच्याकडे सर्वांत जास्त येणारी तक्रार एकच: ‘तुमची नळी हवा ओढते.’ बहुतेक वेळा नळी गळत नसते. हवा बाहेरून आलेलीच नसते, ती थ्री-वेच्या बाजूच्या तोंडात आधीपासून बसलेली असते.

सेट, म्हणजे सगळी नळी, भरताना सलाईन सरळ वाटेने जाते. टोकाला थेंब दिसला की काम झाले असे वाटते, पण बाजूचे तोंड कोरडेच राहते. पुढे तिथून अँटिबायोटिक दिले की आतली हवा औषधाच्या आधी शिरेत जाते. मोठ्या माणसात इवलासा बुडबुडा सहसा फुप्फुसात जिरतो. नवजात बाळ किंवा हृदयाला छिद्र असलेला पेशंट असेल तर तोच मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. तेव्हा ‘एवढ्याने काय होतंय’ हे नकोच.

कॅन्युलाला जोडण्याआधी सिरिंजने नॉर्मल सलाईन सोडा. थ्री-वे तिन्ही बाजूंनी उघडा ठेवा (आमच्या मॉडेलवर बाण ज्या दिशेला, ती वाट उघडी). बाजूचे तोंड वर धरून टोपण सैल करा, टिचकी मारा आणि थेंब बाहेर आला की टोपण घट्ट लावा. हे करायला मिनिटही लागत नाही. हे टाळले तर नंतर बुडबुडा काढायला क्लॅम्प (नळी दाबून बंद करणारी चिमटी) बंद करा, सिरिंज लावा, ओढून घ्या, पुन्हा सलाईनने फ्लश करा, हे सगळे आलेच.

दुसरी कोरडी जागा म्हणजे कॅन्युलाचा हब (नळी जोडायचे मागचे तोंड). टूर्निकेट (हाताला बांधलेला पट्टा) सोडा, कॅन्युलाच्या टोकापुढची शीर बोटाने दाबा आणि कॅन्युलातली सुई काढा. बोट किंचित सैल करून हब रक्ताने काठोकाठ भरू द्या. नळीच्या टोकावर सलाईनचा थेंब लोंबता हवा. थेंबाला थेंब टेकवूनच ल्युअर लॉक (फिरवून घट्ट बसणारा जोड) फिरवा. हब स्पिरिटने ओला असेल तर आधी वाळू द्या, आणि उगाच ताकद लावून पिळू नका. प्लास्टिकला बारीक चीर गेली तर मग नळी खरोखरच गळेल.

फ्रीजमधून काढलेले सलाईन लगेच लावले तर गरम होताना नळीच्या कडेने बारीक बुडबुडे धरतात. त्यात नळीचा दोष नाही.

साधा, नुसता खुपसायचा जोड स्वस्त पडतो. मागणी असूनही आम्ही तो ठेवत नाही, कारण पेशंट कूस वळला की तो निसटतो. बाजूच्या तोंडातून वारंवार औषध द्यावे लागणाऱ्या वॉर्डांसाठी आमच्याकडे नीडल-फ्री कनेक्टर (सुईशिवाय सिरिंज लावता येणारे जोड) आहेत. टोपण काढ-घाल वाचते, पण कनेक्टरही उलटा धरून, टिचकी मारून भरून घ्यावा लागतोच.

उघडलेले पाकीट आम्ही परत घेत नाही. निर्जंतुक मालाबाबत दुसरा मार्ग नाही. तक्रार असेल तर पाकिटावरचा लॉट नंबर (मालाच्या तुकडीचा क्रमांक) कळवा आणि त्याच लॉटचे न उघडलेले एक पाकीट पाठवा. वापरलेली नळी कुरिअरने पाठवू नका, ती बायोमेडिकल कचऱ्यातच टाका. नवीन सिस्टर-ब्रदर रुजू झाले असतील तर सरावासाठी नमुन्याच्या नळ्या मागवून घ्या, त्यांचे पैसे आम्ही लावत नाही.